गाणी विकत घ्यावीत, सबस्क्रिप्शन घ्यावं की फुकट उतरवावीत?

मंद्र

हार्ड डिस्कवर सुमारे ३००० गाणी आहेत, जवळजवळ सगळी निरनिराळ्या साइटींवरून फुकट उतरवलेली. फाइलींच्या नावांत साइटचे पत्ते, टॅगमध्ये (फाइलीच्या आत लिहिलेल्या गाणं-गायकाच्या नोंदीत) प्रश्नचिन्हं. बऱ्याच फाइलींवर ३२० केबीपीएस (बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली) लिहिलेलं आहे, पण चांगल्या स्पीकरवर झांजा आणि गायकाचे स, श किरकिरे ऐकू येतात. आता संग्रह नीट करायचा आहे आणि पैसे मोजायची तयारी आहे. ऐकणं होतं ते फोनवर, संगणकाच्या स्पीकरवर आणि गाडीत यूएसबीवरून.

महिन्याचं सबस्क्रिप्शन घेऊन तिथून गाणी डाउनलोड केली तर ती गाडीच्या यूएसबीवर चालतील का? विकतच घ्यायची तर कोणत्या फॉरमॅटमध्ये? हातातल्या फाइलींपैकी ठेवण्याजोग्या कोणत्या, हे सगळी गाणी ऐकत न बसता कसं ओळखायचं? आणि दिलेल्या पैशातलं कलाकारापर्यंत खरंच काही पोहोचतं का?

कोमलऋषभ

नाही चालणार. सबस्क्रिप्शनमधलं डाउनलोड म्हणजे ॲपच्या आत ठेवलेली कुलूपबंद प्रत. स्पॉटिफायवर पैसे भरणाऱ्याला एका उपकरणावर १०,००० गाणी, अशी ५ उपकरणांपर्यंत ठेवता येतात, पण ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. पैसे भरणं थांबलं की त्या प्रती वाजत नाहीत. यूएसबीवर टाकता येईल अशी फाइल हाती येतच नाही. गाडीत फोन ब्लूटूथने जोडून ॲपमधून ऐकता येईल, तेवढंच.

ॲपलच्या बाबतीत फाइलच्या शेपटावरून (नावाच्या शेवटच्या अक्षरांवरून) समजतं. एम४ए म्हणजे मोकळी फाइल, एम४पी म्हणजे कुलूपवाली. ॲपल म्युझिकच्या सबस्क्रिप्शनमधून उतरवलेलं गाणं एम४पी असतं, तर आयट्यून्स स्टोअरमधून आज विकत घेतलेलं गाणं २५६ केबीपीएस एएसीची (आवाज दाबून साठवण्याची एक पद्धत) मोकळी एम४ए. सगळ्या गाण्यांना ही मोकळीक २००९ पासूनची. त्याआधी आयट्यून्सवर विकत घेतलेल्या बहुतेक गाण्यांनाही कुलूप असायचं. मात्र मोकळ्या फाइलीतही घेणाऱ्याचं नाव आणि खात्याचा ईमेल नोंदलेला असतो, म्हणून ती चारचौघांत वाटू नका.

कुलूप का टाळायचं, ते २००८ सालात दिसलं. एमएसएन म्युझिक या दुकानातून घेतलेली गाणी नव्या संगणकावर उघडायला मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडून किल्ली लागायची. तो सर्व्हर बंद करणार, असं कंपनीने त्या वर्षी जाहीर केलं. ओरड झाल्यावर मुदत वाढवून दिली. याहूने तर आपलं गाण्यांचं दुकान आणि किल्ल्यांचा सर्व्हर दोन्ही बंद केले आणि गिऱ्हाइकांना भरपाई देऊ केली. म्हणून कुठेही पैसे भरण्याआधी एवढंच तपासा: फाइल डाउनलोड करून दुसऱ्या कुठल्याही प्लेयरवर वाजते का? वाजत असेल तर ती खरेदी. वाजत नसेल तर ते भाडं.

भाडं वाईट असं मुळीच नाही. नवनवीन ऐकत राहणाऱ्याला सबस्क्रिप्शनसारखी सोय नाही. वर्षाच्या सबस्क्रिप्शनच्या पैशांत किती अल्बम विकत येतात तो आकडा काढा. पुन्हा पुन्हा ऐकावेत असे नवे अल्बम वर्षाला त्याहून कमी सापडत असतील तर विकत घेणं परवडतं, जास्त सापडत असतील तर सबस्क्रिप्शन. आणि जे गाणं दहा वर्षांनीही हवंच आहे ते भाड्याच्या भरवशावर ठेवू नका. नील यंगने जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपलं संगीत काढून घेतलं, ते परत आलं २०२४ मध्ये. परवाने संपले की अशी गाणी गाजावाजा न होताही जातात. कधी मूळ ध्वनिमुद्रणाच्या जागी आवाज नव्याने घडवलेलं रीमास्टर येऊन बसतं आणि आपल्या यादीत नाव मात्र तेच राहतं.

बिटरेट

मी तिसऱ्या प्रश्नाचं घेतो.

किरकिर खरी आहे. यूट्यूबवर साधारणपणे १२८ केबीपीएसचा एएसी किंवा १६० च्या आसपासचा ओपस (दाबण्याची दुसरी पद्धत) आवाज मिळतो. व्हिडिओवरून एमपी३ करून देणाऱ्या साइटी तोच आवाज उलगडून ३२० च्या एमपी३त पुन्हा दाबतात. पहिल्या दाबण्यात जे गेलं ते परत येत नाही, दुसऱ्या दाबण्यात आणखी जातं, फाइल मात्र अडीचपट फुगते. झांजा, टाळ्या, स आणि श यांत हे आधी ऐकू येतं, कारण तीव्र आणि क्षणिक आवाज दाबणं कोडेकला, म्हणजे दाबण्याच्या पद्धतीला, सगळ्यात जड जातं.

चाळणी अशी लावा. एमपी३टॅग हा फुकट प्रोग्रॅम घ्या, अख्खं फोल्डर त्यात ओढा आणि बिटरेट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले) आणि एन्कोडर सेटिंग (फाइल कोणत्या साधनाने बनवली) असे तीन रकाने दिसतील असं करा. आधी बिटरेटवर लावून १९२ च्या खालच्या सगळ्या फाइली बाजूला काढा. त्या बदलायच्याच आहेत, तपासत बसू नका. मग ३२० वाल्यांत सॅम्पल रेट बघा. सीडीवरचं संगीत ४४.१ किलोहर्ट्झला असतं. ओपस उलगडल्यावर ४८ ला येतो. तेव्हा ३२० चा एमपी३ आणि तोही ४८ किलोहर्ट्झ, हे संशयाचं पहिलं लक्षण. दुसरं लक्षण एन्कोडरच्या रकान्यात दिसतं. तिथे एल, ए, व्ही, एफ या चार इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी नोंद असेल तर फाइल एफएफएमपेग नावाच्या साधनातून गेलेली आहे, आणि रूपांतर करणाऱ्या साइटी सर्रास तेच वापरतात. तुम्ही स्वतः त्या साधनाने रूपांतर केलं असेल तरी हीच नोंद येते, म्हणून एकट्या या खुणेवर फाइल उडवू नका.

उरलेल्यांपैकी शंका येईल त्यांचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंप्रतांचं चित्र, काढा. स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये फाइल ओढली की काही सेकंदांत चित्र येतं. ऑडॅसिटीतही ट्रॅकच्या नावावरच्या मेन्यूतून स्पेक्ट्रोग्राम निवडता येतो. आडवा अक्ष वेळेचा, उभा कंप्रतेचा. १२८ चा एमपी३ साधारण १६ ते १७ किलोहर्ट्झवर सरळ कापलेला दिसतो, खरा ३२० चा २० च्या आसपास, आणि सीडीवरून थेट केलेल्या फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता दाबलेल्या फाइलीत) आवाज २२ पर्यंत जाऊ शकतो. ३२० लिहिलंय आणि चित्र १६ वर पट्टीने आखल्यासारखं संपतंय, तर फाइल फुगवलेली आहे.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. जुन्या ध्वनिमुद्रणात मुळातच वरच्या कंप्रता नसतात. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून घेतलेलं गाणं ८ किंवा १० किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काळं दिसेल आणि तरीही फाइल उत्तम असेल. नैसर्गिक ऱ्हास हळूहळू फिका होत जातो, दाबलेली फाइल सरळ रेघेत कापली जाते, हा फरक बघा. आणि चांगल्या एमपी३तही १६ वर एक पुसटशी पायरी दिसते. तिच्या वर तुटक ठिपके दिसत असतील तर ती एमपी३च्या रचनेतूनच येते, फसवणूक नव्हे. ओपसवरून फुगवलेली फाइल उलट २० पर्यंत जाते आणि चित्रात निर्दोष वाटते. तिच्यासाठी वरची ४८ किलोहर्ट्झची खूण जास्त कामाची.

आणखी एक. हातातले एमपी३ फ्लॅकमध्ये बदलू नका. जागा तिप्पट लागेल आणि आवाज तसाच राहील.

विकत घेताना जिथे फ्लॅक मिळतो तिथे फ्लॅकच घ्या. त्यातून पुढे हवा तो फॉरमॅट करता येतो, उलटं करता येत नाही. जागेचा अंदाज: ४ मिनिटांचं गाणं ३२० च्या एमपी३त साडेनऊ एमबीच्या आसपास, सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकमध्ये बहुधा २५ ते ३० एमबी. ३००० गाणी सरासरी ४ मिनिटांची धरली तर एमपी३त २९ जीबी, फ्लॅकमध्ये ७५ ते ९० जीबी. आजच्या डिस्कांना हे काहीच नाही. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झसाठी, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जासाठी, मात्र जादा पैसे मोजू नका. ऐकण्यापुरतं १६ बिट, ४४.१ पुरेसं आहे. फरक ऐकू आला तर तो बहुतेकदा मास्टरिंगचा, म्हणजे ध्वनिमुद्रणावर शेवटी केलेल्या आवाजाच्या जुळवणीचा, असतो.

फुकट साइटींचा धोकाही बोलून टाकतो. तिथे डाउनलोड लिहिलेली चार बटणं असतात आणि त्यातली तीन जाहिराती. उतरलेली फाइल एमपी३ऐवजी ईएक्सई, एपीके किंवा पासवर्डवाली झिप असेल तर उघडू नका, थेट उडवा. विंडोज फाइलचं शेपूट लपवतो, त्यामुळे दोन शेपटं असलेली ईएक्सई फाइल गाण्यासारखी दिसते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूत एक्स्टेन्शन दाखवण्याची खूण लावून ठेवा. नोटिफिकेशनला परवानगी दिली गेली असेल तर ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन ती काढा. नाहीतर व्हायरस सापडल्याच्या खोट्या सूचना रोज येत राहतील.

आरोही

कलाकाराच्या पैशांबद्दल. फुकट उतरवणं आणि पैसे देणं त्याच्या दृष्टीने अजिबात सारखं नाही, पण पैसे कुठल्या वाटेने दिले यावरही खूप अवलंबून आहे.

मोठ्या स्ट्रीमिंग सेवांत तुमचे पैसे तुम्ही ऐकलेल्या कलाकाराच्या नावे वेगळे निघत नाहीत. सगळ्यांचे पैसे एका हौदात जातात, सेवा साधारण तिसरा हिस्सा स्वतःकडे ठेवते आणि उरलेले एकूण ऐकण्यातल्या वाट्यानुसार हक्कधारकांना जातात. तुम्ही महिनाभर एकाच गायिकेला ऐकलंत तरी तुमच्या वर्गणीतला मोठा भाग लोकप्रिय नावांकडे जाऊ शकतो. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी ऐकणाऱ्यागणिक हिशोब सुरू केला, पण सर्वसाधारण पद्धत हौदाचीच. एका ऐकण्याचा ठरलेला दर नसतो. ॲपलने २०२१ मध्ये कलाकारांना कळवलेली सरासरी साधारण एक अमेरिकी सेंट होती, आणि तीही हक्कधारकाला मिळणारी. त्यातून लेबलचा (रेकॉर्ड कंपनीचा) वाटा वजा होतो, गीतकार-संगीतकारांचा हिशोब वेगळा असतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत किमान १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. नवख्या कलाकारासाठी ही अट बोचरी आहे आणि मला ती अन्यायाची वाटते.

थेट खरेदीत चित्र वेगळं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, एका कलाकाराची विक्री ठरावीक रकमेपुढे गेली की १० टक्के. पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. बाकी सगळं खातं चालवणाऱ्याकडे, म्हणजे कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातं. काही ठरावीक शुक्रवारी ते आपला हिस्सा सोडून देतात, ही प्रथा मार्च २०२० पासूनची. ज्याच्यासाठी पैसे द्यावेत असं मनापासून वाटतं त्याचा अल्बम तिथे असेल तर तिथूनच घ्या. एमपी३, फ्लॅक, एएलएसी, एएसी, ऑग, वेव्ह यातलं हवं ते निवडता येतं आणि नंतर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये परत उतरवताही येतं. तिथे नसेल तर कलाकाराची स्वतःची साइट बघा, मग कोबझसारखी फ्लॅक विकणारी दुकानं, मग आयट्यून्स.

आणि फुकट म्हणजे चोरीच असं नाही. इंटरनेट आर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक आर्काइव्हमध्ये, परवानगी दिलेल्या बँडांच्या मैफली २००२ पासून जमत आहेत, पुष्कळशा फ्लॅकमध्ये. जमेंडो आणि फ्री म्युझिक आर्काइव्हवर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची (वापराची परवानगी काही अटींवर आधीच दिलेली) गाणी आहेत. ऐकायला ती मोकळीच, पण स्वतःच्या व्हिडिओत वापरायची असतील तर परवाना वाचा. एनसी अक्षरं असतील तर धंद्यासाठी चालत नाही. एनडी असेल तर बदल करून वाटता येत नाही, आणि गाणं व्हिडिओखाली लावणं हाही बदलच धरला जातो. अभिजात पाश्चात्त्य संगीतासाठी म्यूझोपेन आहे. तिथे एक गल्लत नेहमी होते: रचना दोनशे वर्षांची आणि हक्कमुक्त असली तरी गेल्या वर्षी वाजवून केलेलं तिचं ध्वनिमुद्रण आपोआप हक्कमुक्त नसतं. रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत आणि त्यांची मुदत देशागणिक बदलते.

खर्ज

सगळं पटलं, पण वरचे प्रतिसाद सगळंच कुठेतरी विकत मिळतं असं धरून चालले आहेत. तसं नाही. लेबल बुडालं, मूळ टेप कुणाकडे आहे माहीत नाही, म्हणून कितीतरी ध्वनिमुद्रणं ना सेवेवर आहेत ना दुकानात. तिथे फुकट उतरवण्याची टोचणी देण्यापेक्षा वापरलेली सीडी शोधायला सांगा. कलाकाराला त्यातून नवे पैसे मिळत नाहीत हे खरं, पण हातात अस्सल प्रत येते आणि दर्जा वर सांगितलेल्या सगळ्या भानगडींपेक्षा चांगला.

सीडी उतरवायला विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम. सिक्युअर मोड निवडा, ॲक्युरेटरिप चालू करा, ड्राइव्हचा ऑफसेट (वाचताना तो किती पुढे-मागे सरकतो तो फरक) प्रोग्रॅमला आपोआप ओळखू द्या, आणि टेस्ट अँड कॉपी करा. दोन्ही वेळचा सीआरसी (तपासणीचा आकडा) सारखा आला आणि ॲक्युरेटरिपने इतरांच्या प्रतीशी जुळल्याचं सांगितलं तर उतरवणं बिनचूक. जुळलं नाही तर सीडी मऊ, कोरड्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, आणि तेवढाच ट्रॅक पुन्हा घ्या. दुसऱ्या ड्राइव्हवर पुष्कळदा तोच ट्रॅक निघतो. १९८०च्या दशकातल्या काही सीडींवर प्री-एम्फसिस असतं, म्हणजे वरच्या कंप्रता मुद्दाम वाढवलेल्या असतात. ते दुरुस्त न करता उतरवलं तर गाणं चिरकं वाटतं. प्रोग्रॅम प्री-एम्फसिसच्या नोंदीत हो दाखवतो का ते बघा. सीडी स्वतःसाठी उतरवायला परवानगी आहे का, हे आपापल्या देशाच्या कायद्यात पाहून घ्या. सगळीकडे नियम एक नाही.

मंद्र

सगळ्यांचे आभार. चाळणी लावली, ४८ किलोहर्ट्झवाल्या फाइली खूपच निघाल्या. आता अडचण गाडीची. नवे फ्लॅक गाडीचा प्लेयर घेत नाही, गाण्यांचा क्रम भलताच लागतो आणि देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसतात.

बिटरेट

तिन्हींची कारणं वेगळी.

फ्लॅक संगणकावर राहू द्या, गाडीसाठी वेगळी एमपी३ प्रत करा. फुबार२००० या प्लेयरमध्ये सगळी गाणी निवडून कन्व्हर्टमधून लेम या एमपी३ बनवणाऱ्या साधनाचा व्ही० दर्जा निवडा. सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास पडते आणि गाडीच्या घरघरीत याहून जास्त काही कळत नाही. क्वचित एखादा जुना प्लेयर बदलत्या बिटरेटच्या फाइलची लांबी चुकीची दाखवतो. तसं झालं तर स्थिर २५६ वापरा.

क्रम चुकतो कारण बरेच प्लेयर नावाप्रमाणे न लावता, फाइली ज्या क्रमाने यूएसबीवर लिहिल्या गेल्या त्या क्रमाने वाजवतात. नावापुढे ०१, ०२ लावूनही फरक पडत नसेल तर हेच कारण. यूएसबी एफएटी३२ या पद्धतीत फॉरमॅट करा आणि फोल्डर एकेक करून क्रमाने टाका, किंवा फॅटसॉर्टर हे साधन एकदा चालवा. एक्सफॅट आणि एनटीएफएस या दुसऱ्या पद्धती बऱ्याच गाड्या वाचतच नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या पुढे एफएटी३२चा पर्याय आला नाही तर सरळ ३२ जीबीचा ड्राइव्ह घ्या.

चौकोन दिसणं आणि प्रश्नचिन्हं दिसणं यांत फरक करा. प्रश्नचिन्हं म्हणजे टॅग लिहितानाच देवनागरी अक्षरं नष्ट झाली आहेत, ती परत लिहावी लागतील. चौकोन म्हणजे एक तर टॅग लिहिण्याचा प्रकार प्लेयरला समजत नाही, नाहीतर त्याच्याकडे देवनागरी फॉन्टच नाही, आणि फॉन्ट नसेल तर टॅगच्या बाजूने इलाज नाही. आधी एमपी३टॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग, एमपेग इथे जाऊन लिहिण्याचा प्रकार आयडी३ २.३, यूटीएफ-१६ असा ठेवा आणि गाडीच्या प्रतीतल्या सगळ्या फाइली पुन्हा सेव्ह करा. पुष्कळ गाड्यांना त्यापुढचा २.४ प्रकार समजत नाही. तरीही चौकोनच आले तर फक्त गाडीच्या प्रतीत नावं रोमन लिपीत ठेवावी लागतील. मूळ फ्लॅकना हात लावू नका.

साइटचे पत्ते काढायला एमपी३टॅगमध्येच ॲक्शन तयार करा: रिप्लेस, सगळी फील्ड, पत्त्याचा मजकूर द्या, बदली जागा रिकामी ठेवा. कॉमेंट आणि पब्लिशर या फील्डमध्येही पत्ते लपलेले असतात. नाव-गाव काहीच नसलेल्या फाइली म्यूझिकब्रेन्झ पिकार्डला द्या. तो आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो. लोकप्रिय गाणी पटकन सापडतात, जुनी आणि प्रादेशिक कमी. तो कधी मूळ अल्बमऐवजी एखाद्या संकलनाचं नाव लावतो, म्हणून सेव्ह करण्याआधी अल्बमचा रकाना नजरेखालून घाला.

कोमलऋषभ

खरेदी सुरू करताय तर एवढं करा. दुकानाच्या "कधीही पुन्हा डाउनलोड करा" या आश्वासनावर राहू नका. हक्क बदलले की विकलेला अल्बमही दुकानातून जाऊ शकतो. पैसे भरले त्याच दिवशी फाइल उतरवा, झिप उघडून ट्रॅकची संख्या मोजा आणि पावतीचा ईमेल पीडीएफ करून अल्बमच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला तपासणीचा आकडा) असतो, त्यामुळे फाइल बिघडली की नाही हे न ऐकता कळतं. फुबार२००० मध्ये सगळं निवडून युटिलिटीजमधलं व्हेरिफाय इंटिग्रिटी चालवा. डाउनलोड अर्धवट झालेल्या फाइली लगेच उघड्या पडतात. प्रती तीन ठेवा: संगणकावर एक, एरवी जोडलेली नसते अशा बाहेरच्या डिस्कवर एक, आणि एक घराबाहेर किंवा क्लाउडवर. नुसतं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, इथे चुकून उडवलेलं तिथेही उडतं. बाहेरच्या डिस्कवर वर्षातून एकदा हीच तपासणी चालवा आणि जी फाइल नापास होईल ती दुसऱ्या प्रतीवरून बदला.

जुन्या ३००० फाइली मात्र आजच उडवू नका. एमपी३टॅगमधून त्यांची यादी सीएसव्हीत (स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) काढा, त्यात एक रकाना जोडा आणि प्रत्येक गाण्यापुढे विकत, सबस्क्रिप्शन, सीडी किंवा नको असं लिहीत जा. यादी दुसऱ्या सेवेत न्यायची असेल तर साउंडीझसारखं साधन ती सीएसव्ही वाचून गाणी शोधतं. तिथे मैफलीतलं ध्वनिमुद्रण किंवा रीमिक्स चुकून लागतं, म्हणून गाण्याची लांबी जुळते का ते बघा. काही सेकंदांपेक्षा जास्त फरक असेल तर ते दुसरंच ध्वनिमुद्रण समजा. नवी प्रत हाती आली की तेवढीच जुनी फाइल काढा.